‘अभिसंधान’ आणि ‘सोकावणे’ : अध्ययनशास्त्राच्या मराठी परिभाषेची चिकित्सा

१

वर्तनवादी मानसशास्त्राची मूलतत्त्वे विद्यापीठीय स्तरावर मराठीतून शिकविली जाऊ लागली त्यास आता बराच काळ लोटला आहे. ‘अभिजात अभिसंधान’, ‘साधक अभिसंधान’, ‘चेतक’, ‘प्रबलन’, ‘विलोपन’, ‘सामान्यीकरण’, ‘भेदबोधन’ ही परिभाषा पाठ्यपुस्तकांतून स्थिर झाली असून उत्तरपत्रिकांतून ती न चुकता अवतरते. परंतु संज्ञा अवतरणे आणि संकल्पना आकळणे या दोन भिन्न गोष्टी होत. वर्तनवादाच्याच भाषेत बोलावयाचे तर, ‘व्याख्या लिहा’ हा चेतक, पाठ केलेली व्याख्या ही प्रतिक्रिया आणि मिळालेले गुण हे प्रबलन. ही साखळी पूर्ण होण्यास अर्थबोधाची मुळीच आवश्यकता नाही. अध्ययन कसे घडते हे सांगणारा सिद्धांत स्वतः अशा रीतीने शिकला जावा, यात केवळ विद्यार्थ्यांच्या आळसाचा भाग आहे की परिभाषेच्या घडणीतच काही वैगुण्य आहे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत येतो. त्याचीच चिकित्सा येथे योजिली आहे.

या चिकित्सेसाठी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ हा तालुका दृष्टीसमोर ठेवणे दोन कारणांनी सोयीचे आहे. मराठी माध्यमातून मानसशास्त्र शिकणारा विद्यार्थिवर्ग मोठ्या प्रमाणात अशाच तालुक्यांतून येतो. सीना-भीमेच्या काठी ऊस आला असला तरी रब्बी ज्वारीचा मुलूख ही या भागाची जुनी ओळख आहे, आणि ज्वारीचे रान, दावणीची जनावरे व हमरस्त्यावरील उपाहारगृहे यांच्या सान्निध्यात वाढलेल्या विद्यार्थ्याला अध्ययनाची तत्त्वे शब्दावाचून ठाऊक असतात. दुसरे कारण असे की, ज्वारीच्या संशोधनाच्या इतिहासात मोहोळला जे स्थान आहे, त्याचा वर्तनवादाच्या मध्यवर्ती रूपकाशी अनपेक्षित संबंध जुळतो. त्याचा परामर्श शेवटी घेतला आहे.

२

प्रथम ‘अभिसंधान’ या शब्दाचाच विचार करणे अगत्याचे आहे. पचनक्रियेच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्याच्या लालास्रावाचा अभ्यास करताना असे पाहिले की, अन्न तोंडात पडल्यावर होणारा स्राव अन्नाच्या आधी नियमाने येणाऱ्या एखाद्या खुणेनेही होऊ लागतो. पहिल्या प्रतिक्षेपास कसलीही अट नाही. दुसरा मात्र अटीवर अवलंबून आहे. खूण आणि अन्न यांची सोबत टिकली तर तो टिकतो, सुटली तर विरतो. यासाठी पाव्हलॉव्ह यांनी योजिलेल्या ‘उस्लोव्नी’ या रशियन विशेषणाचा अर्थ ‘अटीवर अवलंबून असलेला’, म्हणजे ‘सशर्त’ असा आहे. १९२७ साली अन्रेप यांनी केलेल्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘कंडिशनल’ऐवजी ‘कंडिशन्ड’ हे कृदन्त आले, आणि तेच जगभर रूढ झाले. अर्थाचा रोख त्यामुळे पालटला. ‘सशर्त’ हे प्रतिक्षेपाचे वर्णन होते; ‘कंडिशन्ड’ म्हणताच कोणीतरी प्राण्यावर काहीतरी केले आहे, असा भाव त्यास चिकटला.

मराठी संज्ञा या दुसऱ्या शब्दावरून घडली. हिंदीने ‘अनुबंधन’ स्वीकारले, मराठीने ‘अभिसंधान’. ‘सम् + धा’ या जोडणीच्या अर्थाने शब्द चपखल वाटतो, कारण येथे दोन गोष्टी जोडल्या जातातच. परंतु संस्कृत वाङ्मयात ‘अभिसंधि’ व ‘अभिसंधान’ हे शब्द मुख्यतः हेतू, संकल्प, करार, इतकेच नव्हे तर फसवणूक या अर्थांनी वावरतात. गीतेवरील भाष्यपरंपरेत ‘फलाभिसंधि’ म्हणजे फळाची मनात धरलेली इच्छा, आणि ती टाकून केलेले कर्म ते निष्काम कर्म. आता वर्तनवादाची मूळ प्रतिज्ञा अशी आहे की, हेतू, इच्छा, संकल्प यांस शास्त्रीय स्पष्टीकरणात स्थान नाही. १९१३ साली वॉटसन यांनी ही प्रतिज्ञा मांडली, आणि स्किनर यांनी तीस पूर्णत्व दिले. त्यांच्या मते प्राणी कृती करतो ती पुढील फळाच्या इच्छेने नव्हे, तर तशाच कृतीस पूर्वी मिळालेल्या फळामुळे. म्हणजे जो सिद्धांत अभिसंधीला हद्दपार करण्यासाठी उभा राहिला, त्याच्या दारावर मराठीने ‘अभिसंधान’ हीच पाटी लावली आहे. संस्कृतज्ञ विद्यार्थ्याची यामुळे दिशाभूल होते, आणि संस्कृत न जाणणाऱ्यास शब्दातून काहीच बोध होत नाही.

मूळ रशियन अर्थाच्या निकट जाणारा शब्द भारतीय परंपरेत नव्हता असेही नाही. न्यायशास्त्रातील ‘उपाधि’ हा शब्द नेमका याच प्रसंगी उपयोगी पडतो. जेथे अग्नी तेथे धूर, हे विधान सरसकट खरे नाही. इंधन ओले असेल तरच ते खरे. ओल्या इंधनाचा संयोग हा तेथे उपाधी होय. पाव्हलॉव्ह यांचा प्रतिक्षेप याच अर्थाने ‘सोपाधिक’ आहे. ही केवळ शब्दांची हौस नव्हे. १९६८ साली रेस्कोर्ला यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले की, ध्वनी आणि विजेचा झटका यांची सोबत कितीही वेळा घडली, तरी ध्वनी नसतानाही झटका तितक्याच संभाव्यतेने येत असेल, तर ध्वनीचे भय निर्माण होत नाही. केवळ साहचर्य पुरेसे नाही. एकाच्या असण्यानसण्याने दुसऱ्याच्या संभाव्यतेत फरक पडला पाहिजे. अन्वय व व्यतिरेक दोन्ही पाहिल्याशिवाय व्याप्ती सिद्ध होत नाही, हे नैयायिकास सांगावे लागत नाही. ‘जोडणी’ सुचविणारी संज्ञा येथे अपुरी पडते, ‘अट’ सुचविणारी टिकते.

३

आता बोलीकडे वळले असता असे दिसते की, अध्ययनाच्या मूलतत्त्वांसाठी मराठीत स्वतंत्र क्रियापदांची एक सुव्यवस्थित मालिकाच आहे. ज्वारी दुधात आली की पाखरांचे थवे उतरतात. रानात बुजगावणे उभारले जाते. ‘बुजणे’ म्हणजे अनोळखी वस्तू पाहून बिचकणे. त्यावरूनच या वस्तूचे नाव पडले आहे. काही दिवस पाखरे बुजतात, नंतर ‘सरावतात’, आणि अखेर बुजगावण्याच्याच खांद्यावर बसतात. हे सरावणे म्हणजे अध्ययनाचा सर्वांत साधा प्रकार होय : परिणामशून्य चेतकाला मिळणारी प्रतिक्रिया क्रमाने मंदावते. परंतु त्याच ठिकाणी राखणदार अधूनमधून उभा राहून गोफण चालवीत असेल, तर बुजगावण्याचा आकार हा दगडाची खूण ठरतो आणि भय टिकून राहते. पहिल्या घटनेत सरावणे आहे, दुसरीत पाव्हलॉव्हप्रणीत अध्ययन आहे. एकाच रानातील या दोन घटनांची तुलना केल्यास जो भेद पाठ्यपुस्तकात दोन परिच्छेद घेतो, तो एका वाक्यात स्पष्ट होतो.

‘सोकावणे’ हे क्रियापद याहून महत्त्वाचे. एखादी कृती एकदा लाभदायक ठरली म्हणून ती पुन्हा करण्यास धजणे, असा त्याचा अर्थ. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, पण काळ सोकावतो, ही म्हण प्रबलनाचे तत्त्व इतक्या नेमकेपणाने मांडते की तिच्यावर भाष्याची गरज पडू नये. घडलेल्या घटनेपेक्षा तिच्यामुळे त्या प्रकारच्या घटनांची वाढलेली संभाव्यता अधिक चिंतेची आहे, असे ती सांगते. थॉर्नडाइक यांनी १८९८ साली पेटीत कोंडलेल्या मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले व पुढे त्यांवरून परिणामाचा नियम मांडला, त्याचा गाभा हाच आहे. वस्तूच्या गोडीने लागणाऱ्या सवयीस ‘चटावणे’ म्हणतात, आणि एकाच आघाताने बसणाऱ्या भयास ‘धसका घेणे’ म्हणतात. दुधाने तोंड पोळले म्हणजे ताकही फुंकून पिणे, हे चेतकाच्या सामान्यीकरणाचे उदाहरण होय. दूध व ताक यांतील फरक पुढे ध्यानात येऊन ताक निःशंक पिणे हे भेदबोधन. लांडगा आला रे आला, या कथेतील गावकऱ्यांचे धावून येणे थांबते, ते विलोपन. आणि कावळा बसायला व फांदी तुटायला गाठ पडणे, ही स्किनर यांनी १९४८ साली कबुतरांत दाखविलेल्या ‘अंधश्रद्धे’ची पूर्वअट आहे. तेथे ठरावीक काळाने आपोआप पडणाऱ्या दाण्याशी कबुतराने आपल्या योगायोगाने घडलेल्या हालचालीची गाठ घातली होती.

फर्स्टर व स्किनर यांनी १९५७ साली प्रबलनाच्या वेळापत्रकांवर जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यातून दृढ झालेल्या एका निष्कर्षासही असेच घरगुती उदाहरण देता येते. हमरस्त्यावरील उपाहारगृहाच्या दारात बसणाऱ्या कुत्र्यास प्रत्येक गिऱ्हाइकाने तुकडा टाकला आणि एके दिवशी सर्वांनीच तो बंद केला, तर ते लवकर उठून जाईल. पण दहांतून एखाद्यानेच, तेही अनियमितपणे, तुकडा टाकण्याची रीत असेल, तर तुकडे बंद झाल्यावरही ते दीर्घकाळ बसून राहील. अंशतः प्रबलित सवय विलोपनास अधिक काळ दाद देत नाही. ‘कधीतरी देणे’ हे ‘कधी न देणे’ याच्या जवळचे नसून सवय घट्ट करण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, हे तत्त्व मूल सांभाळणाऱ्या घरालाही उपयोगाचे आहे.

४

परिभाषेचा खरा अनर्थ होतो तो ‘ऋण प्रबलन’ या संज्ञेत. ‘धन’ व ‘ऋण’ ही विशेषणे गणितातून आली आहेत : कृतीनंतर काही मिळाले तर धन, काही दूर झाले तर ऋण. प्रबलन दोन्हीकडे आहे, म्हणजे कृती दोन्हीकडे बळावते. परंतु मराठी भाषकाच्या मनात ‘ऋण’ म्हणजे कर्ज, आणि गणिताच्या संस्काराने वजाबाकी. त्यामुळे ऋण प्रबलन म्हणजे ‘वाईट परिणाम’, अर्थात शिक्षा, असा समज होणे जवळजवळ अटळ होते. येथेही रानातले उदाहरण गैरसमज दूर करते. औताला जुंपलेल्या खोंडास पराणी टोचते. तो पाऊल उचलतो. पराणी दूर होते. चालणे बळावले, कारण टोचणी थांबली. हे ऋण प्रबलन. तोच खोंड उभ्या पिकाला तोंड लावतो आणि त्यास फटका बसतो. तोंड लावणे काही काळ थांबते. ही शिक्षा. साधन एकच असू शकेल, परंतु पहिल्यात वेदना संपण्याने एक कृती वाढली, दुसऱ्यात वेदना सुरू होण्याने एक कृती दबली. ‘ऋण प्रबलन’ऐवजी ‘निवारक प्रबलन’ म्हटले, तर निदान संज्ञाच विद्यार्थ्यास चुकीच्या वाटेला लावणार नाही.

‘शिक्षा’ या शब्दाचा इतिहास तर अधिकच उद्बोधक आहे. ‘शिक्ष्’ धातूपासून झालेला हा शब्द संस्कृतात विद्यादानाचा वाचक आहे. सहा वेदांगांपैकी वर्णोच्चाराचे शास्त्र ते ‘शिक्षा’. हिंदीत आजही शिक्षा म्हणजे शिक्षण. मराठीत मात्र ‘शिक्षण’ व ‘शिक्षक’ विद्येकडे राहिले आणि ‘शिक्षा’ दंडाकडे गेली. ‘धडा शिकवणे’ या वाक्प्रचाराचाही असाच प्रवास झालेला आहे. मार दिल्याने माणूस शिकतो, हे गृहीत भाषेत इतके मुरलेले आहे की ते गृहीत आहे याचीही जाणीव राहत नाही. स्किनर यांचा दावा याच्या उलट आहे : शिक्षा कृतीस काही काळ दडपते, पर्यायी कृती शिकवीत नाही, आणि शिक्षा करणाऱ्याविषयी मात्र भय निर्माण करते. पुढील संशोधनाने या दाव्यास मर्यादा घातल्या. तत्काळ, नियमित व तीव्र शिक्षेचा दडपणारा परिणाम टिकाऊ असू शकतो, हे प्रयोगांत आढळले. तथापि ती काय करावे ते शिकवीत नाही, हा मुद्दा अबाधित आहे. गंमत अशी की, ज्या मराठीने शिक्षणाचा शब्द दंडास दिला, तिनेच ‘निर्ढावणे’ हेही क्रियापद घडविले आहे. वारंवार मार खाऊन माराचे काही न वाटणे, हा त्याचा अर्थ. दंडाच्या अपयशाची नोंद भाषेने स्वतःच करून ठेवली आहे. २००९ च्या बालशिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेतील शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास प्रतिबंध केला. अशा काळात भावी शिक्षकास ऋण प्रबलन आणि शिक्षा यांतील भेद न कळणे ही परीक्षेतील किरकोळ चूक मानता येणार नाही.

५

येथपर्यंतचे विवेचन वाचून बोलीभाषेत संपूर्ण वर्तनवाद सामावला आहे, असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो एकांगी ठरेल. बोलीतील क्रियापदे ज्या सीमारेषा आखतात, त्या सिद्धांताच्या मर्यादाही उघड करतात. मांजर दुधाला सोकावते, चोर सोकावतो, पाखरे सरावतात. परंतु मूल मराठीला ‘सोकावले’ असे कोणी म्हणत नाही. मूल भाषा ‘शिकते’, त्यास एखादी गोष्ट ‘उमगते’, ‘कळते’. पुढच्यास ठेच मागचा शहाणा, या म्हणीत तर ज्यास ठेच लागली तो शिकलाच नाही. शिकला तो पाहणारा. स्वतःच्या कृतीस फळ मिळाल्यावाचून, केवळ दुसऱ्याचे फळ पाहून अध्ययन घडते, हे बंडुरा यांनी १९६० नंतरच्या प्रयोगांतून सिद्ध करून दाखविले. तसेच, कोणतीही खूण कोणत्याही परिणामाशी सारख्याच सुलभतेने जोडली जात नाही. गार्सिया व कोलिंग यांच्या १९६६ च्या प्रयोगात उंदरांनी आजारपणाचा संबंध चवीशी जोडला आणि विजेच्या झटक्याचा संबंध प्रकाश व आवाजाशी. उलट जोडणी त्यांनी जवळजवळ स्वीकारली नाही. प्राणी कोरी पाटी घेऊन येत नाही.

भाषेच्या बाबतीत हा मुद्दा निर्णायक ठरतो. ब्लूमफील्ड यांनी १९३३ साली भाषाव्यवहाराचे वर्णन चेतक-प्रतिक्रियेच्या चौकटीत केले, आणि १९५७ साली स्किनर यांनी ‘व्हर्बल बिहेवियर’ या ग्रंथात भाषण हेही प्रबलित वर्तनच होय असे प्रतिपादिले. १९५९ साली चॉम्स्की यांनी त्यावर लिहिलेल्या परीक्षणाचा मुख्य आक्षेप परिभाषेवरच होता. प्रयोगशाळेत ‘चेतक’, ‘प्रतिक्रिया’, ‘प्रबलन’ यांस नेमका अर्थ असतो. भाषणास ते लावले की तो नेमकेपणा नाहीसा होतो आणि उरते ते केवळ रूपक. मॅकॉर्कोडेल यांनी १९७० मध्ये स्किनर यांच्या बाजूने उत्तर दिले, आणि भाषण न फुटलेल्या मुलांच्या उपचारांत स्किनरप्रणीत पद्धतींचा उपयोग आजही होतो, हे नोंदविणे न्याय्य होय. परंतु मराठी मुलाच्या बोलण्यातील एक नित्याचा अनुभव चॉम्स्की यांच्या पक्षास बळकटी देतो. ‘केलं’ हे रूप कानावर पडत असतानाही मूल काही काळ ‘करलं’ म्हणते. घरातील मोठी माणसे ‘करलं’ म्हणत नसतील, तर हे अनुकरण नव्हे. त्या रूपास कोणी मुद्दाम उत्तेजन दिले असेही नाही. ‘धर’पासून ‘धरलं’, ‘भर’पासून ‘भरलं’, तसे ‘कर’पासून ‘करलं’ : मुलाने नियम बांधला आणि तो अपवादावरही चालविला. ब्राउन व हॅनलन यांनी १९७० साली इंग्रजी भाषक कुटुंबांत असे पाहिले की, आईबाप मुलाच्या विधानाच्या खरेखोटेपणास दाद देतात, व्याकरणशुद्धतेस क्वचितच. असे असूनही ‘करलं’ जाते आणि ‘केलं’ स्थिरावते. हे स्थित्यंतर केवळ प्रबलनाने उलगडत नाही.

६

येथे मोहोळचा दुसरा संदर्भ उपस्थित होतो. महाराष्ट्राच्या रब्बी ज्वारीत दीर्घकाळ मान्यता पावलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण १९३० च्या दशकात मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने सिद्ध झाला. निवड म्हणजे नव्याची निर्मिती नव्हे : रानात जी विविधता आधीच उभी आहे, तिच्यातून चांगली कणसे वेगळी काढणे व त्यांचेच बी पुढे चालविणे. स्किनर यांनी १९८१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकातील निबंधात आपल्या सिद्धांताचे सार याच रूपकात सांगितले. जीवसृष्टीत जशी नैसर्गिक निवड, तशी व्यक्तीच्या वर्तनात परिणामांकडून होणारी निवड, आणि तशीच संस्कृतीत रूढींची निवड.

रूपक समर्थ आहे, आणि साधक अभिसंधान समजण्यास त्यासारखे दुसरे साधन नाही. प्रबलन कृती ‘घडवीत’ नाही, घडलेल्या कृतींतून निवडते. हे ध्यानात आले की ‘बक्षीस देऊन काम करून घेणे’ ही बाळबोध समजूत गळून पडते. परंतु रूपक प्रामाणिकपणे शेवटपर्यंत चालविले, तर ते त्याच्या कर्त्यावरच उलटते. निवड करणारा संशोधक कितीही कुशल असो, ज्या रानात विविधता नाही तेथे त्याला निवडण्यास काही उरत नाही. आणि ती विविधता निवडीने निर्माण केलेली नसते, बियाण्याच्या अंगची असते. ‘करलं’ हे रूप हीच मुलाच्या अंगची विविधता होय. परिणाम त्यास गाळतील किंवा राखतील, परंतु ते आले कोठून, या प्रश्नाचे उत्तर परिणामांकडे नाही. अध्ययनशास्त्राला निवडीचा नियम सापडला. बियाण्याचा शोध त्याने भाषाशास्त्र व जीवशास्त्र यांच्याकडे सोपवावा, हे अधिक इष्ट.

७

तात्पर्य, पारिभाषिक संज्ञा टाकून बोलीतील शब्द स्वीकारावेत असे सुचविणे योग्य होणार नाही. बोलीतील शब्दांना नीतीचा रंग असतो. चोर सोकावतो, पण अभ्यासाची गोडी लागलेली मुलगी ‘सोकावली’ असे म्हणवत नाही. वास्तविक तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. चांगल्यावाइटाचा निवाडा बाजूस ठेवून घटनेकडे पाहण्यासाठी ‘प्रबलन’ हाच शब्द हवा, आणि शास्त्रीय परिभाषेचे खरे प्रयोजन तेच आहे. ‘अभिसंधान’ही आता इतका रुळला आहे की तो बदलण्याचा आग्रह व्यर्थ ठरेल. शिवाय त्याच्या बाजूने एक गोष्ट सांगता येते. रेस्कोर्ला व वॅग्नर यांच्या १९७२ च्या सिद्धांतात, तसेच शुल्ट्झ, दायान व माँटेग्यू यांच्या १९९७ च्या मेंदूविषयक निबंधात, अध्ययनाची चालना अपेक्षित फळ व प्रत्यक्ष फळ यांतील अंतरातून मिळते असे मानले आहे. हेतू नव्हे, तरी अपेक्षा शास्त्रात परतली आहे. आणि फळाकडे लागलेली दृष्टी सुचविणारा हा जुना शब्द स्किनर यांच्या सिद्धांताला जितका विसंगत होता, तितका आजच्या सिद्धांताला राहिलेला नाही.

आवश्यक आहे ते इतकेच : संज्ञेची ओळख तिच्या व्याख्येने न करता दोन निकटच्या घटनांच्या भेदाने करून द्यावी. बुजगावणे एकटे आणि बुजगावणे गोफणीसह. पराणी दूर होणे आणि फटका बसणे. रोजचा तुकडा आणि कधीतरीचा तुकडा. ‘केलं’ आणि ‘करलं’. प्रश्नपत्रिकेतही ‘व्याख्या द्या’ याऐवजी अशी जोडी देऊन ‘भेद सांगा’ असे विचारले गेले पाहिजे. ज्या उत्तरास गुण मिळतात तेच उत्तर बळावते, हा नियम परीक्षा घेणाऱ्यांनाही लागू आहे. घोकलेल्या व्याख्येला गुण देत राहिल्यास घोकंपट्टीच सोकावणार.